काळी चारची पट्टी आणि बेसच्या तारा: एका वाद्याचं प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाने नुकता जोर धरला होता तेव्हा, डोंबिवलीतल्या माझ्या टेबलावर एक बेस गिटार आला. वाजवणारी मुलगी पंचविशीतली. मराठी गाण्यांच्या एका वाद्यवृंदात ती दीड वर्षापासून साथ करते. भावगीतं, अभंग, थोडी नाट्यगीतं आणि शेवटाकडे लावणी-कोळीगीतं असा त्यांचा कार्यक्रम. तिचा प्रश्न एवढाच होता: "दादा, कुठल्या तारा घालू?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं आणि ते चुकलं. कसं चुकलं आणि पुढच्या अडीच महिन्यांत आम्ही कुठे पोचलो ते सविस्तर लिहून ठेवतोय. मराठी साथीत बेस वाजवणाऱ्या प्रत्येकापुढे हा पेच कधी ना कधी येतोच, आणि तारांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक रॉक किंवा जॅझ डोळ्यापुढे ठेवून लिहिलेलं असतं. शेजारी डग्गा घुमतोय आणि गाणं काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, आहे, हे त्यात कुठेच नसतं.

वाद्य आणि तक्रारी

बेस साधा, चार तारांचा, जॅझ बेसच्या घडणीचा. स्केल ३४ इंच, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) साधारण ८६४ मिलिमीटर. तारांची कंपनं पकडणारे दोन सिंगल कॉइल पिकअप, आत बॅटरीचं सर्किट नाही. त्यावर स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड तारा होत्या, जाडी ४५-६५-८५-१०५. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले. सगळ्यात बारीक जी (G) तार ०.०४५ इंच, सगळ्यात जाड ई (E) तार ०.१०५ इंच. दुकानात बेसच्या तारा मागितल्या की बहुधा हाच सेट हातात पडतो.

तारा पाच आठवड्यांच्या होत्या आणि मेलेल्या होत्या. मेलेल्या म्हणजे तुटलेल्या नव्हेत. वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक उंच स्वर, गेले होते, सूर बोथट झाला होता, आणि बाराव्या फ्रेटवर (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सूर थोडा कणसूर लागत होता. ब्रिजजवळ तांबूस डाग होते. राउंडवाउंड तारेत मधल्या पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते. त्या वेढ्यांमधल्या खाचांत घाम, कातडीचा कण आणि धूळ साचते. तारेचं वजन मग सगळीकडे सारखं राहत नाही आणि कंपनं लवकर विरतात. बाहेरचं वेष्टण स्टेनलेस असलं तरी आतला गाभा साधारणपणे जास्त कार्बनच्या पोलादाचा असतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो गंजतो. तिने कुणाच्या तरी सल्ल्याने तारा पाण्यात उकळूनही पाहिल्या होत्या. उकळल्याने मळ निघतो आणि तीन-चार दिवस तारा पुन्हा बोलू लागतात, हे खरं. पण आत राहिलेला ओलावा जूनमध्ये वाळत नाही आणि गंज आणखी वेगाने लागतो.

तारा मरण्याशिवाय आणखी तीन तक्रारी होत्या. संथ गाण्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट घासून "सुर्रर्र" आवाज यायचा आणि तो स्पीकरमधून स्पष्ट ऐकू जायचा. वाद्यवृंदाचे संयोजक पुन्हा पुन्हा सांगत होते, "बेस डग्ग्याच्या अंगावर जातोय." आणि तासाभराच्या तालमीनंतर तिचा डावा अंगठा आणि मनगट दुखायचं.

माझा पहिला, चुकलेला सल्ला

मी अंगठ्याचं दुखणं ऐकलं आणि ताण कमी करायला हवा असं ठरवून टाकलं. निकेलचा मुलामा दिलेल्या, बारीक राउंडवाउंड तारा घालायला सांगितल्या, ४० ते ९५ च्या. स्टेनलेसपेक्षा निकेलचा मुलामा बोटाला मऊ लागतो, घासण्याचा आवाज थोडा कमी होतो, फ्रेट्सही कमी झिजतात. हे सगळं बरोबर आहे, पण ते या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. "दादा, आता तर कोळीगीतात खालची तार फ्रेटवर आपटते." आपटणारच होती. तेवढ्याच लांबीवर तोच सूर हवा असेल तर ताण तारेच्या वजनाच्या प्रमाणात बदलतो, आणि वजन साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. १०५ वरून ९५ वर आलं की खालच्या तारेचा ताण १८ टक्क्यांच्या आसपास उतरतो. ढोलकी तापली की हात आपोआप जोरात पडतो, आणि सैल तार मग मोठा झोका घेऊन फ्रेटवर खडखडते. खर्ज पातळ झाला होता. अंगठा पूर्वीइतकाच दुखत होता. ती बिचारी तरी मलाच धीर देत होती.

तेव्हा मला जे आधी करायला हवं होतं ते केलं. तालमीला गेलो.

तालीम

एका शाळेच्या वर्गात तालीम होती. हार्मोनियम, की-बोर्ड, बासरी, तबला, ढोलकी, एक अकूस्टिक गिटार, दोन गायिका, एक गायक. मी कोपऱ्यात बसून गाण्यांची यादी उतरवून घेतली आणि प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहिली. अठरा गाण्यांपैकी सहा काळी चारमध्ये, पाच काळी एकमध्ये, तीन काळी दोनमध्ये, दोन काळी पाचमध्ये. पांढरीतली फक्त दोन.

ती यादी पाहिली आणि अंगठा का दुखतो ते कळलं. बेसच्या सुट्या तारा, म्हणजे न दाबता वाजणाऱ्या, ई, ए, डी आणि जी. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आता काळी चार हा सा धरा. सुटी ई तार होते कोमल धैवत, ए होते कोमल ऋषभ, डी होते तीव्र मध्यम आणि जी होते शुद्ध निषाद. भावगीताच्या साथीत हे चार स्वर सुटे घेऊन काय करायचं? काळी एकमध्येही तीच गत: कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम. अठरापैकी बहुतेक गाण्यांत तिला सुट्या तारेवर एकही आधारस्वर मिळत नव्हता. षड्ज चौथ्या फ्रेटवर, पंचम सहाव्यावर, आणि ते दाबून धरून अख्खं गाणं काढायचं. संथ गाण्यात चार-चार मात्रा एक स्वर धरावा लागतो. अंगठा मानेच्या मागून सतत रेटत होता, आणि तार बारीक केली म्हणून तो रेटा थांबणार नव्हता.

पट्टी गायकाच्या गळ्यावर ठरते. ती बदला असं साथीदाराने सांगायचं नसतं, आणि सांगूही नये.

दुसरी गोष्ट तबलजींनी दाखवून दिली. चहाच्या वेळी ते तिला म्हणाले, "ताई, तुमचा सूर लांबतो. माझी थाप पडते तेव्हा तुम्ही तिथे असता ते ठीक, पण थाप विरल्यावरही तुम्ही तिथेच असता." संयोजकांच्या तक्रारीपेक्षा हे निदान कितीतरी नेमकं होतं. पाश्चात्त्य बँडमध्ये बेस ड्रमचा ठोका एकदा पडतो आणि संपतो, वरची जागा बेसला मोकळी असते. आपल्याकडे डग्गा नुसता ठोका देत नाही, तो मनगटाच्या दाबाने सूर वर नेतो, खाली आणतो, घुमारा घेतो. त्याची ती चाल ऐकू यायची तर बेसने सुरुवातीला ठाम बोलून मग थोडी जागा सोडायला हवी. नव्या राउंडवाउंड तारा नेमकं उलटं करतात: लांब टिकतात आणि वर तंबोऱ्याच्या जवारीसारखी झळाळी धरतात. एरवी ती झळाळी सुंदर वाटते, पण इथे ती जागा बासरीची आणि पेटीची होती.

टोनची खुंटी बंद केली तर? तिने ते करून पाहिलं होतं. त्याने वरचे स्वरांश कापले जातात, पण तार जितका वेळ कंप पावायची तितकाच वेळ पावते. बोट घासल्याचा आवाजही पूर्ण जात नाही, दबका होतो एवढंच.

आधी सूर, मग तार

घरी येताना लोकलमध्ये एक साधी गोष्ट सुचली आणि मग राहवेना. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या तर? ई उतरून ई फ्लॅट (म्हणजेच डी शार्प) होते, पेटीवर काळी दोन. ए उतरून काळी चार. डी उतरून काळी एक. जी उतरून काळी तीन. चारही सुट्या तारा काळ्या पट्ट्यांवर येतात!

आता पुन्हा काळी चार सा धरून पाहा. जाड तारेकडून मोजलं तर सुटी दुसरी तार हाच षड्ज. सगळ्यात जाड तार मंद्र पंचम. तिसरी तार मध्यम, चौथी कोमल निषाद. सा, म आणि प तिन्ही सुटे. काळी एकमध्ये तिसरी तार षड्ज, दुसरी पंचम, चौथी मध्यम आणि जाड तार शुद्ध ऋषभ. काळी दोनमध्ये षड्ज थेट सगळ्यात खालच्या तारेवर, ३८.९ हर्ट्झला, जो नेहमीच्या सुरात लावलेल्या बेसवर मिळतच नाही, कारण तिथे ४१.२ हर्ट्झच्या ई वर वाद्य संपतं. काळी पाचमध्ये सुटा षड्ज नाही, पण मध्यम आहे. अठरातली चौदा गाणी सुट्या षड्जावर आली.

रॉकमध्ये अर्धा स्वर उतरवून वाजवणं जुनं आहे, मी काही शोध लावला नाही. पण पेटीच्या काळ्या पट्ट्यांशी हे उतरवलेले सूर इतके नेमके जुळतात हे मला इतकी वर्षं बेस वाजवून दिसलं नव्हतं, कारण मी कधी सुट्या तारांना सा-म-प म्हणून पाहिलंच नव्हतं.

पाच तारांचा बेस घ्यावा असंही एकाने सुचवलं. त्यातली जाड बी तार ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. पण त्यानेही सुट्या तारा पांढऱ्याच राहतात, आणि ज्या सभागृहांत त्यांचे कार्यक्रम होतात तिथल्या स्पीकरमधून इतका खालचा सूर नीट बाहेर पडत नाही. शिवाय नवीन वाद्याचा खर्च. तो विषय तिथेच सोडला.

आता सूर उतरला की ताणही उतरतो, आणि इथे तारेची निवड खरी सुरू झाली. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अर्धा स्वर खाली म्हणजे कंपनसंख्या ०.९४४ पट, तिचा वर्ग ०.८९१. म्हणजे ११ टक्के ताण गेला. १०५ च्या ई तारेवर साधारण ४० पाउंड, म्हणजे १८ किलो ताण असतो. त्यातले दोन किलो कमी. चारही तारांचा मिळून मानेवरचा ताण ८० किलोच्या आसपास असतो, त्यातले आठ-नऊ किलो कमी. बारीक तारांचा अनुभव ताजा होता. म्हणून ताण राखायचा तर तार थोडी जाड किंवा जड हवी.

मग आवाज. सुरुवातीला ठाम, मागून जागा सोडणारा, बोट घासल्याचा आवाज नसलेला. हे वर्णन फ्लॅटवाउंड तारेचं आहे. तिच्यात गाभ्याभोवती गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळतात. पृष्ठभाग गुळगुळीत, खाचा जवळपास नाहीत. मूळ स्वर भरदार, वरचे स्वरांश कमी, आणि सूर लवकर विरतो. खाचा नसल्याने मळ साचायला जागा कमी, म्हणून आयुष्य राउंडवाउंडच्या कितीतरी पट. पट्ट्यांमध्ये पोकळी कमी असल्याने त्याच जाडीची फ्लॅट तार सहसा थोडी जडही भरते, आणि ते इथे आम्हाला हवंच होतं.

फ्लॅटवाउंड म्हणजे जुनाट, असं आपल्याकडे अनेकजण मानतात. खरं तर १९५१ मध्ये फेंडरने प्रिसिजन बेस आणला तेव्हा उभ्या बेसची (डबल बेसची) जागा घेणारं सुटसुटीत वाद्य म्हणून आणला, आणि पुढची पंधराएक वर्षं गुळगुळीत तारा हीच रीत होती. १९६६ मध्ये 'द हू' या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याने तारा बनवणाऱ्या इंग्लंडच्या रोटोसाउंडबरोबर बसून स्टीलच्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या. पियानोसारखी झणझणीत धार त्याला हवी होती, कारण त्याच्या बँडमध्ये दुसरं गिटार नव्हतं आणि बेसला ती जागा भरायची होती. पुढे तीच चाल सगळीकडे पसरली. पण त्याच काळात डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारांनी, तर्जनी या एकाच बोटाने वाजवत होता. तार तुटल्याशिवाय तो बदलत नसे. त्या गाण्यांत ड्रम, खंजिरी, पियानो, गिटार, व्हायोलिनं असा गच्च मेळा असायचा, आणि बेस तरीही स्वच्छ ऐकू येतो, कारण तो प्रत्येक स्वर ठोकून लगेच बाजूला होतो. आमच्या तबलजींनी जे मागितलं ते हेच होतं. आणि फ्लॅटवाउंड म्हणजे फक्त बोथट असंही नाही: आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा स्टीव्ह हॅरिस ५० ते ११० च्या फ्लॅटवाउंड वापरतो आणि प्रत्येक कार्यक्रमाला नवा सेट चढवतो, म्हणून त्याच्या तारा खणखणतात.

कुठला सेट

माझ्या ड्रॉवरमध्ये नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारांचा एक सेट होता, ५० ते १०५ चा. पैसे खर्च करण्याआधी तो चढवला. आवाज उभ्या बेसजवळ जाणारा, बोटाला रेशमासारखा. पण नायलॉन हलकं असतं, म्हणून त्याच जाडीला ताण कमी, त्यात सूर अर्धा उतरलेला. जाड तार दुसऱ्याच फेरीत खडखडली. संथ गाण्यांचाच कार्यक्रम असता तर मी तरीही तिथे थांबण्याचा विचार केला असता. लावणी आणि कोळीगीतांनी तो मार्ग बंद केला.

मग फ्लॅटवाउंडमध्ये दोन पर्याय मांडले. ४५-६५-८०-१०० आणि ५०-७०-८५-१०५. पहिला सेट नेहमीच्या सुरात अनेकांना पुरतो. पण १०५ ची तार अर्धा स्वर उतरवली की ताण ०.८९ पट होतो, आणि १०० ची तार नेहमीच्या सुरात १०५ च्या ०.९१ पट. म्हणजे ई फ्लॅटला लावलेला ५०-१०५ चा सेट हाताला जवळपास ई ला लावलेल्या ४५-१०० च्या सेटसारखाच लागणार. ज्यांना वाद्य उतरवायचं आहे त्यांनी एक पायरी जाड सेट घ्यावा, हे एवढ्याच हिशेबावर. त्याहून जाड, ५२ ते ११० वगैरे, घेतला असता तर खर्ज आणखी भरला असता, पण तिची बोटं लहान आहेत आणि वरच्या दोन तारा तिला लोखंडी सळईसारख्या लागल्या असत्या.

शेवटी डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड तारा घेतल्या, ५०-१०५, लाँग स्केल. राउंडवाउंडपेक्षा महाग, साधारण दुप्पट. पण फेब्रुवारीपासून तिने आधीच तीन सेट बदलले होते, म्हणून तिला ते जड वाटलं नाही.

घेताना एक तपासून घ्यावं: तारेच्या टोकाच्या कडीपासून रेशमी वेष्टण सुरू होतं तिथपर्यंतची लांबी आपल्या वाद्याला पुरते का. फ्लॅटवाउंडचा जाड भाग खुंटीच्या गाभ्याभोवती वळला तर पट्टी उचकटते, आणि रेशीम नटच्या खाचेत बसलं तर सूर मेलेला येतो. तारा ब्रिजवरून न घालता वाद्याच्या पाठीतून ओवलेल्या असतील तर आणखी लांबी लागते.

चढवणं आणि बसवणं

तार एकेक करून बदलली, म्हणजे मानेवरचा ताण एकदम सुटत नाही. कापण्याआधी खुंटीच्या पुढे चार-पाच इंच ठेवून तार काटकोनात वाकवली, मगच कापली. काही तारांचा गाभा गोल असतो, आणि न वाकवता कापल्या तर वेष्टण गाभ्यावर फिरून सैल होतं आणि तार वाया जाते. गाभा कसा आहे हे माहीत असो नसो, वाकवून कापायची सवय बरी.

नटच्या खाचा ४५ आणि ६५ साठी कापलेल्या होत्या. ५० आणि ७० त्यात अडकल्या. खुंटी फिरवताना सूर सरकत वर जाण्याऐवजी "टिक" करून उडी मारायचा. कानसीने दोन्ही खाचा किंचित रुंद केल्या, खोली न वाढवता. इथे घाई केली तर सुटी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि नवा नट लागतो. आम्ही एवढा खटाटोप सुट्या तारांसाठीच करत होतो, म्हणून मी या दोन खाचांवर अर्धा तास घालवला.

मग मान. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट मोजली. ०.३५ मिलिमीटर. बेस पहिल्यांदा आला तेव्हा मूळच्या ४५-१०५ तारांवरही मी ही फट मोजली होती आणि तेवढीच होती. हिशेब जुळल्याची ही खूण: सूर उतरल्याने गेलेला ताण जाड आणि जड तारांनी भरून काढला, मानेला काही कळलंच नाही. ट्रस रॉडला, म्हणजे मानेचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईला, हात लावला नाही. सतराव्या फ्रेटवर तारांची उंची जाड बाजूला २.६ आणि बारीक बाजूला २.२ मिलिमीटर ठेवली. आधी ती तीनच्या वर होती, आणि अंगठ्याच्या दुखण्यात तिचाही वाटा असणार. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) जुळेपर्यंत सॅडल सरकवली.

पहिले पंधरा दिवस

नव्या फ्लॅटवाउंड तारा पहिल्या दिवशी अपेक्षेपेक्षा खणखणीत वाजतात, आणि बोटाला चिकटतात. तिचा फोन आला: "दादा, घासल्याचा आवाज गेला, पण बोट सरकतच नाही." थांब म्हटलं. आठ-दहा दिवसांत बोटांचं तेल लागून पृष्ठभाग मऊ होतो आणि वरची खणखण बसते. तसंच झालं.

खरा घोटाळा डोक्यात झाला. ट्यूनरवर आता डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प दिसायला हवं, आणि गिटारवाला मात्र नेहमीच्या सुरात. एका तालमीत त्याने "ए मायनर" असं ओरडून सांगितलं, आणि तिने जुन्या सवयीने ए चं बोट धरलं, म्हणजे अर्धा स्वर खाली. अख्खा अंतरा कणसूर गेला. त्यानंतर तिने वहीत स्वरांची इंग्रजी नावं काढून टाकली आणि प्रत्येक गाण्यापुढे सा कुठल्या तारेवर एवढंच लिहिलं: "दुसरी सुटी", "तिसरी सुटी", "जाड सुटी". बासरीवाला, पेटीवाला, तबलजी याच भाषेत बोलतात, म्हणून तालमीत तिला आता भाषांतर करावं लागत नाही. गिटारवाल्याला मात्र करावं लागतं.

जुलैच्या शेवटी पुन्हा तालमीला गेलो. काळी चारमधला एक अभंग चालू होता. दुसरी सुटी तार तिने समेवर सोडली, डावा हात मानेवरून उचलला, आणि डग्ग्याचा घुमारा त्या स्वराच्या मागून पूर्ण ऐकू आला. अंगठा त्या वेळी हवेत होता. मी बराच वेळ तेवढंच पाहत बसलो.

सगळं सुटलं असं नाही. कोळीगीतात तारेला जी धार लागते ती फ्लॅटवाउंडमध्ये कमीच पडते. त्यासाठी ती आता उजवा हात ब्रिजकडे सरकवते, टोनची खुंटी पूर्ण उघडते आणि मागच्या पिकअपचा आवाज वाढवते. त्याने सत्तर टक्के काम होतं असं मी म्हणेन. अंगठ्याने ठोकून वाजवायची स्लॅपची पद्धत या तारांवर नीट बोलत नाही. कार्यक्रमात ती नाही म्हणून निभावलं. ज्याला तीच हवी त्याने हा मार्ग धरू नये. आणि फ्लॅटवाउंड तारा गंजत नाहीत असंही कुणी समजू नये. वाजवून झालं की कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसायच्या, आणि पावसातून आलेली पिशवी बंद करून वाद्य रात्रभर आत ठेवायचं नाही, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

ऑगस्टच्या अखेरीस कार्यक्रम झाला. संयोजक डग्ग्याबद्दल काही बोलले नाहीत. तबलजी निघताना तिला म्हणाले, "आज जागा मिळाली."

गेल्या आठवड्यात ती पुन्हा आली होती, नुसती सॅडल तपासून घ्यायला. वाद्यवृंदात एक नवे गायक आलेत, ते पांढरी दोनमध्ये गातात, आणि त्या पट्टीत आता तिच्या सुट्या तारा पुन्हा कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, निषाद आणि गंधार होतात. दुसरा बेस ठेवावा का, असं मी विचारलं. "नको दादा," ती म्हणाली, "त्यांची चार गाणी मी दाबून काढेन."